टीव्हीवरचा आल्विन

“विचारलंय काय आणि हा बाबा सांगतोय काय,” असं म्हणून वर्नाने चमचा बशीत टाकला. प्रश्न घरभाड्याचा होता आणि टीव्हीवरचा सिनेटर उत्तरात आपल्या आजोबांच्या मासेमारीच्या बोटीवर जाऊन बसला होता. त्यातून तो तिचाच उमेदवार. त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या गव्हर्नरबाई तर तिला डोळ्यांसमोरही नको होत्या. त्या नुसत्या घसा साफ करू लागल्या, तरी वर्ना म्हणायची, “झालं सुरू हिचं.”

“निदान ती प्रश्नाचं उत्तर तरी देते,” आयली म्हणाली.

आयली वर्नाची नणंद, आर्विडची मोठी बहीण. आर्विड जाऊन दोन वर्षं होत आली, पण भावजयीकडे गुरुवारी जेवायला यायचं तिने सोडलं नव्हतं. नेमकी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट गुरुवारी आली. पूर्वेकडे तेव्हा रात्र असली तरी ऑरेगनच्या पश्चिम किनाऱ्यावर ती दिवसाउजेडीच लागते, त्यामुळे सॅमनचं सूप आणि राय ब्रेड घेऊन दोघी टीव्हीसमोरच बसल्या होत्या. चाळीस वर्षांत दोघींनी एकाच माणसाला मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आर्विड असता तर दोघींनाही वेड्यात काढून अंगणात ट्रकखाली जाऊन झोपला असता.

गव्हर्नरबाईंनी हसून मान हलवली, तर वर्नाला ते हसू खोटं वाटलं. सिनेटर पाणी प्यायला, तर आयलीला तो घाबरलेला वाटला. सूत्रसंचालक वेळ संपल्याचं पुन्हा पुन्हा सांगत होता आणि त्याचं दोघेही ऐकत नव्हते. शाळेची बस चालवायचे तेव्हा असल्या दोन पोरांना मी वेगवेगळ्या बाकांवर बसवायचे, असं वर्ना म्हणाली, आणि त्या एका गोष्टीवर मात्र आयलीने मान डोलावली.

मग दवाखान्यांचा विषय निघाला. सिनेटरने कॅमेऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. तो म्हणाला, वसंतात मी ऑरेगनच्या एका छोट्या गावात वर्ना नावाच्या एका भगिनीला भेटलो. गावातल्या दवाखान्याचा तातडीचा विभाग बंद झालेला. तिचा नवरा आल्विन दुसऱ्या गावी नेताना रस्त्यातच गेला. डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना तिने मला त्याचे शेवटचे शब्द सांगितले, “दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ देऊ नका.”

वर्नाचा हात सुपाच्या वाडग्यावर तसाच राहिला. गव्हर्नरबाईंनीसुद्धा मान खाली घातली होती.

“आल्विन,” वर्ना म्हणाली. “आल्विन कोण?”

आयलीने रिमोट घेऊन आवाज बंद केला. टोमणा येणार म्हणून वर्ना तयारच होती. पण आयलीचा चेहरा उतरला होता.

“मला तू सांगितलंस, तो एक शब्द न बोलता गेला. आणि ह्याला सांगितलंस तो काय म्हणाला ते. मी त्याची बहीण आहे, वर्ना.”

वर्ना काही बोलणार तोच फोन वाजला. प्रचार कार्यालयातली कुणी तरुण बाई होती. तिचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. उद्या पोर्टलंडच्या सभेला वर्नाने सिनेटरशेजारी उभं राहावं, गाडी पाठवू, असं ती म्हणत होती. वर्नाने तिला बोलून घेऊ दिलं. मग सांगितलं, नवऱ्याचं नाव आर्विड. मी रडले नव्हते, हॉटेलात उभ्याउभ्या हात मिळवून बोलले होते. आणि तो असलं काही म्हणाला नव्हता, मीही तसं सांगितलं नव्हतं.

पलीकडची बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, नावाचं आम्ही बघतो, पण भावार्थ तर तोच ना?

“भावार्थ तुमचा असेल,” वर्ना म्हणाली. “नवरा माझा होता.” आणि तिने फोन ठेवला.

आयली जागची हलली नव्हती. “मग काय म्हणाला तो?”

वर्ना खुर्चीत बसली. ॲप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते.

“शिव्या देत होता. ॲम्ब्युलन्सवाल्याला. खाणीजवळचा उतार लागला, आणि तोंडावर मास्क असताना हा म्हणतो, ब्रेक दाबत काय बसलाय, गिअर खाली घे म्हणावं त्याला. मास्क काढून काढून सांगत होता. ती नर्स परत लावतेय, हा परत काढतोय. मला इतका वैताग आला. मी म्हटलं, आर्विड, एकदा तरी गप्प बस. आणि तो बसला.”

टीव्हीवर दोघांचे ओठ हलत होते.

“मग तुला काय सांगणार होते?” वर्ना म्हणाली. “शांत गेला, एवढंच सांगितलं.”

लाकडं भरलेले ट्रक आयलीच्या घरात बापापासून सगळ्यांनी चालवले होते.

“खाणीचा उतार ना,” ती म्हणाली. “तिथे ब्रेकवर गाडी आणायचीच नसते. बरोबर होतं त्याचं.”

“होतंच.”

“आणि त्याला गप्प बस म्हटल्याशिवाय घरात कुणाचा एक दिवस गेला नाही. आई गेली तीही त्याला तेच सांगत.”

वर्ना हसायला गेली आणि ते हसू मध्येच कुठेतरी राहिलं. आयलीने तिच्याकडे न बघता ब्रेडचा तुकडा तोडला आणि बशी तिच्याकडे सरकवली.

“आता तरी त्या सिनेटरला मत देणार नाहीस ना?”

“देणार,” वर्ना वैतागून म्हणाली. “म्हणून काय तुझ्या त्या बाईला देऊ?”

फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी आयली उठली. पलीकडच्या त्याच बाईचं बोलणं तिने ऐकून घेतलं, मग भिंतीकडे तोंड करून एकेक अक्षर सावकाश सांगू लागली, “आ. र्. वि. ड. लिहिलंत का? वाचून दाखवा बघू.”