भाकरतुकडा

"तिकीट न्हाई ना लागणार, पप्पा?" स्कूटरवर पुढं उभी राहता राहता प्रांजलनं विचारलं.

"न्हाई बाळा. मेंढरं बघायला कसलं आलंय तिकीट?"

प्रश्न रास्तच होता. दुसरीतल्या प्रांजलला सांगलीतले रविवार दोनच प्रकारचे माहीत होते, तिकिटाचे आणि बिनतिकिटाचे. तिकिटाचे रविवार अपार्टमेंटमधल्या पोरांचे. ती वॉटरपार्कला जायची आणि सोमवारी गेटपाशी त्याच्या गोष्टी सांगायची. बिनतिकिटाचे रविवार तिच्या बापानं डोकं लढवून काढलेले: कृष्णेचा घाट, आमराई, गणपतीच्या देवळाचं पटांगण, आयर्विन पुलावरून दिसणारं पाणी. पोरगी हट्ट करणारी नव्हती. मागच्या रविवारी घाटावर बसून ती एवढंच म्हणाली, "हे आपण बघितलंय." ते वाक्य आठवडाभर धुळाच्या मनातून गेलं नव्हतं.

धुळा त्या अपार्टमेंटचा वॉचमन. पण तिथं त्याला धुळा म्हणून कुणी ओळखत नव्हतं. छातीवरच्या पट्टीवर 'दिलीप' होतं. धुळा हे नाव एजन्सीच्या माणसाला चमत्कारिक वाटलं होतं, आणि दिलीप हे नाव धुळाला बरं वाटलं होतं. दोघांचंही काम झालं.

त्याचा थोरला भाऊ अर्जुना दरवर्षी म्हसवडकडून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत व्हायचं, मालक धान्य द्यायचा. दरवर्षी त्याचा फोन यायचा, "पोरीला घिऊन ये की गड्या. जल्मल्यावर पाचवी पुजली तवा बघितल्याली, त्येच्यावर न्हाई बघितली." दरवर्षी धुळाची ड्यूटी आडवी यायची. या वर्षी अर्जुना हरिपूरच्या रस्त्याला उतरला आणि धुळा लगेच "येतो" म्हणाला. खरं सांगायचं तर भावाची ओढ नंतरची. कोकरं दिसतील, पोरगी खूश होईल आणि काही पडणार नाही, हे आधी डोक्यात आलं होतं. त्याची त्याला लाज वाटत होती, पण थोडीच.

घात गेटपाशी झाला. प्रांजलनं शंभूराजला सांगितलं, शंभूराजनं त्याच्या आईला. त्याची आई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सोनिया मॅडम. त्या टोपी घालूनच खाली आल्या.

"अय्या दिलीप, कोकरं? आम्ही पण येतो. मोबाईलमधनं बाहेर तरी पडेल हा."

धुळा नाही म्हणू शकला नाही. त्याची स्कूटर पुढं, मॅडमची गाडी मागं. वाटेत थांबून सांगावं असं त्याला वाटत होतं, की मॅडम, तो माझा सख्खा भाऊ आहे. पण अपार्टमेंटमध्ये त्यानं सांगून ठेवलं होतं की भाऊ द्राक्षाची बाग बघतो. आणि गेल्या साली गेटसमोर मेंढरं आली, मॅडम वरून ओरडल्या, "दिलीप, हाकल ती घाण," तेव्हा त्यानं काठी घेऊन ती हाकललीही होती. ती अर्जुनाची नव्हती, हे त्यानं आधी नीट बघून घेतलं होतं.

अर्जुना बांधावर वाटच बघत होता. नवा पटका बांधलेला. शेजारी मंगलवहिनी, डोक्यावर पदर, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. पोर पहिल्यांदा आलं की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग त्याला आत घ्यायचं. धुळाला ते लांबूनच दिसलं.

"आलास का, धु..." अर्जुना पुढं झाला, तोवर गाडीचं दार उघडलं.

"तुझ्या ओळखीचे का रे, दिलीप?" मॅडमनी विचारलं.

"व्हय मॅडम. गावाकडचे हायत. तोंडओळख हाय."

अर्जुना जागेवर थांबला. त्यानं धुळाच्या छातीकडं बघितलं, जणू तिथं आजही पट्टी होती. मंगलवहिनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नवऱ्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

"या, पावणं," अर्जुना म्हणाला. "पोरास्नी कोकरं बघायची असतील न्हवं?"

वहिनी मागं वळली. भाकरीचा तुकडा तिनं टोपलीत परत ठेवला.

कोकरांवर पालथं घातलेलं डालगं उचललं तशी ती बाहेर उड्या मारत आली. शंभूराज आधी घाबरला, मग सुटला. प्रांजल रानभर पळत होती, पडत होती, एक काळं कोकरू तिच्या फ्रॉकचं टोक सोडायला तयार नव्हतं. बिनतिकिटाच्या रविवारी ती इतकी कधी हसली नव्हती. धुळा बांधावर बसून ते बघत होता आणि त्याला ते बघवत नव्हतं.

"नाव काय गं तुजं?" अर्जुनानं तिला विचारलं.

"प्रांजल."

"आरं तिच्या! ही मेंढी बी प्रांजलचीच हाय." त्यानं कान कातरलेली एक मेंढी पुढं ओढली. "माज्या भावाची ल्येक हाय तुज्या नावाची. तिच्या पाचवीला हिला तिच्या नावानं सोडली. हिची कोकरं, त्येंची कोकरं, समदी तिची. आमी इकत न्हाई."

"मग ती कवा येती बघायला?"

अर्जुनानं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. धुळाकडं त्यानं बघितलं नाही.

"तिला शाळा असती. बापाला ड्यूटी असती."

"हाऊ स्वीट," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. धुळाच्या हातात कप देताना ती म्हणाली, "घ्या, पावणं." लग्न होऊन ती घरात आली तेव्हा धुळा हाफ पँटीत होता, तिच्याच हातचं खाऊन वाढला होता.

निघताना मॅडमनी पर्समधून एक नोट काढून धुळाकडं दिली. "त्यांना दे रे. गरीब लोक, फुकट कशाला बघायचं?"

धुळा नोट घेऊन भावासमोर उभा राहिला. दादानं ती फेकून द्यावी, चार शिव्या हासडाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं तो सुटला असता. अर्जुनानं दोन्ही हातांनी नोट घेतली आणि कपाळाला लावली.

"उपकार झालं, पावणं."

घरी, म्हणजे पार्किंगमधल्या खोलीत, येईपर्यंत प्रांजल काळ्या कोकराचं सांगत राहिली. दिवेलागणीला त्यानं फोन लावला.

"बोला, पावणं," पलीकडून आवाज आला.

"दादा. मी धुळा."

मागं मेंढरं ओरडत होती.

"व्हय. वळाकलं."

"चुकलं माजं. उद्या येतू मी. पोरीला घिऊन येतू."

"उद्या कुटं? पहाटं मेंढरांचा वाडा हालणार आमचा. म्हैसाळच्या अंगाला." अर्जुनाचा आवाज रागाचा नव्हता, तेच धुळाला सोसेना. मग पलीकडं वहिनीचा आवाज आला आणि अर्जुना म्हणाला, "वहिनी म्हणती, पोरीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाक. हितं ऱ्हायला."

धुळानं फोन ठेवला. दुरडीतली भाकरी मोडली, तांब्या भरला आणि प्रांजलला खोलीच्या दारात उभी केली. तो तिच्यावरून तुकडा ओवाळू लागला तसं वरच्या गॅलरीतून मॅडमनी विचारलं, "काय चाललंय रे, दिलीप?"

"आमच्यात असतं, मॅडम," धुळा वर न बघता म्हणाला. "सकाळी च्या दिला न्हवं का तुमास्नी, ती हिची चुलती. तिनं सांगितलंय."

प्रांजलनं त्याची पँट ओढली.

"पप्पा, मला चुलती हाय?"

धुळानं गेटबाहेर जाऊन तुकडा हरिपूरच्या दिशेला टाकला, आणि मागं न बघता परत आला.

"हाय," तो म्हणाला, आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.