संत अंतोनीचं बाळ आणि संशयी पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही. माझ्यावरची खोळ कुणी काढली की मी पहिल्यांदा त्याचे हात बघते. नखं वाढलेली असली तर माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओरखडे उमटणार. हात ओले असले तर लाकूड फुगणार. आणि कोरडे, स्वच्छ, कापलेल्या नखांचे हात दिसले तर मला जास्तच भीती वाटते, कारण असा माणूस बहुधा माझं मोजमाप घेऊन मला विकायला गिऱ्हाईक शोधणारा असतो.

गिरगावातल्या एका छोट्या कारखान्यात सागवानाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. हातानं भाता हलवायची पेटी तुम्ही भजनात पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण. माझ्यापुढे स्टुलावर बसायचं आणि खालच्या दोन पायट्या पायांनी दाबायच्या, म्हणजे पोटातला भाता चालतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. परळच्या गिरण्यांमध्ये कामाला असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी वर्गणी काढून मला आपल्या देवळात आणलं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.

किती लग्नं आणि किती मयती मी वाजवल्या, त्याला गणती नाही. मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसासमोर लितानी व्हायची. लितानी म्हणजे एकेका संताचं नाव गायचं आणि सगळ्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" असं उत्तर द्यायचं. चार जण मला उचलून तिथे न्यायचे. शेवटी उकडलेले चणे वाटायचे, आणि एका वर्षी कुणा पोरानं त्यातले मूठभर माझ्या पायट्यांच्या फटीत कोंबले. तेव्हापासून मी मुलांवर नजर ठेवून असते. राग मानू नका.

एकाच माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. कार्मेलीन आंटीवर. आधी तिचे वडील मला वाजवायचे, मग ती बसू लागली. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. माझा कुठला सूर उशिरा उठतो, हे तिच्या बोटांना न सांगता कळतं.

दर मंगळवारी आमच्याकडे संत अंतोनीची प्रार्थना असते. हरवलेलं शोधून देणारा संत अशी त्याची ख्याती, त्यामुळे किल्ल्या हरवलेले, कागदपत्रं हरवलेले, नोकरी गेलेले, सगळे येतात. त्याची लाकडी मूर्ती माझ्या डाव्या हाताला कोनाड्यात उभी आहे. हातावर वीतभर बाळ येशू. ते बाळ वेगळं कोरून एका खुंटीवर बसवलेलं आहे, म्हणजे धूळ पुसताना काढता येतं.

करी रोडच्या चाळीतली जाईबाईही येते. पूर्वी तिचं मंगळसूत्र हरवलं होतं, ते इथे मेणबत्ती लावल्यावर सापडलं, तेव्हापासून तिचा एक मंगळवार चुकला नाही. मूर्तीजवळच्या शेवटच्या बाकावर ती बसते. घरी एवढे देव असताना बाई आमच्या संताकडे का येते, असं मला वाटायचंच. पण तिच्याहून मोठी काळजी दोन वर्षांपूर्वी दारातून आत आली. तिचं नाव डेल्फिना. बँकेत नोकरी करणारी, क्वायरची, म्हणजे देवळातल्या गायकांची, नवी प्रमुख, आणि काखेत कीबोर्ड.

पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "आंटी, ही पेटी मध्येच धाप टाकते का?"

"वयच झालंय तिचं," आंटी म्हणाली. "माजं पन झालंय. मला कुनी विचारत नाय."

डेल्फिना हसली. मला ते हसणं आवडलं नाही. त्यानंतर आंटी वाजवत असताना ती शेजारी येऊन उभी राहायची आणि बोटांकडे बघत बसायची. मग आंटी अडखळायची. संत अंतोनीचं जे गाणं तिच्या वडिलांनी बांधलं होतं, त्याचं पहिलं कडवं झालं की तिचा हात थबके आणि ती पुन्हा पहिलंच कडवं वाजवू लागे. मला पक्कं ठाऊक होतं, हा त्या पोरीच्या टक लावून बघण्याचा परिणाम.

जूनच्या तेरा तारखेला संताचा सण असतो. यंदा सणाच्या थोडे दिवस आधी, शनिवारी दुपारी, देवळात कुणी नसताना माझ्यामागे कुणीतरी आलं. अंगावर खोळ होती, त्यामुळे मला काही दिसेना. माझ्या मागच्या फळीचे स्क्रू नाण्यानं फिरवल्यासारखे फिरले. फळी सरकली, भात्याशेजारी काहीतरी कोंबलं गेलं, फळी परत बसली. दुसऱ्या दिवशी मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी माझा आवाज फुटला. पायटी दाबली की आत काहीतरी घासायचं आणि सूर घशात अडकायचा.

त्याच सकाळी कळलं, संताचा हात रिकामा आहे. बाळ नाही.

आता सांगा, माझ्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल? पोरीला कीबोर्ड बसवायचा आहे, म्हणून तिनं माझा गळा दाबला. आणि जी पेटीशी असं वागते ती मूर्तीला तरी कशाला सोडेल? मी एवढा विचार केला, पण माझ्याच पोटात काय आहे याचा नाही केला.

देवळातल्या लोकांची पाल मात्र दुसरीकडेच चुकचुकत होती.

"मूर्तीला लागून कोण बसतं, ते बघा की," एक जण म्हणाला, आणि तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. जाईबाईनं ते ऐकलं. पुढच्या मंगळवारी ती आत आलीच नाही. तिनं बाहेरच्या पायरीवर मेणबत्ती लावली आणि तिथूनच हात जोडले.

कार्मेलीन आंटी मात्र गुडघे धरून प्रत्येक बाकाखाली वाकून शोधत होती. "कोनी नेलं गो बाळ?" असं दिसेल त्याला विचारत होती.

शेवटी फादर नताल म्हणाले, "सणाला कीबोर्ड वाजेल. ही पेटी नंतर खालच्या खोलीत ठेवू. लोकांना त्रास होतो या आवाजाचा."

"मग मी पन घरी बसते," आंटी म्हणाली. ती रागावली नव्हती. तिनं फक्त माझी खोळ नीट केली. मित्रांनो, खालच्या खोलीत काय असतं ते मला माहीत आहे. तुटकी बाकं, वाळवी आणि अंधार. पण मला जास्त लागलं ते तिचं बोलणं. मी खाली जाणार होते आणि ती घरी.

सणाच्या आदल्या संध्याकाळी डेल्फिना स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. आंटी स्टुलावर बसली होती. आली पुरावा लपवायला, मी मनात म्हटलं.

"आंटी, मला एकदा आत बघू दे," डेल्फिना म्हणाली. "असं अचानक कसं बिघडेल?"

तिनं फळी काढली, आत हात घातला आणि एक पुरचुंडी बाहेर काढली. निळ्या दोऱ्यानं काठ विणलेला रुमाल, त्याला दुखऱ्या बोटांना लावायच्या बामचा वास. तो वास मी रोज घेते. रुमालात संत अंतोनीचं बाळ होतं.

डेल्फिना खालीच बसली. "आंटी, हा तुझा रुमाल ना?"

आंटीनं रुमाल हातात घेतला, उलटापालटा केला. बराच वेळ तिला काही समजेना. मग तिचा चेहरा उतरला.

"आमची माय असंच करायची," ती हळू म्हणाली. "वस्तू सापडली नाय, का बाळ काढून लपवायची. बाळ परत पायजे तर संत झक मारून शोधून देतो, म्हनायची. मीच केलं असनार गो. मला आठवत नाय."

"पण तुझं हरवलंय काय?"

"बाबांचं गानं. दुसरं कडवं. बसते, आनि हाताला येतच नाय." ती माझ्या पट्ट्यांकडे बघत होती. "आता बाकीचं पन जाईल."

माझ्या आतला भाता तिथेच बसला. ज्या हातांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, तेच हात शनिवारी माझ्यामागे होते. मला राग यायला हवा होता, पण फार वाईट वाटलं.

एवढ्यात फादरांची पावलं वाजली. डेल्फिनानं आंटीच्या हातातला रुमाल घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला आणि उभी राहिली.

"फादर, बाळ सापडलं. मीच पुसायला काढलं होतं, सेफ राहावं म्हणून इथे ठेवलं आणि साफ विसरले. सॉरी."

फादरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेटीचा आवाजही त्यामुळेच गेला होता. उद्या आंटीच वाजवेल. आणि जाईबाईच्या घरी मी आत्ताच जाऊन येते."

सणाला जाईबाई आपल्या बाकावर होती. आंटीनं वडिलांचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं आणि तिचा हात थबकला. तेव्हा मागून जाईबाईचा जाडाभरडा आवाज आला, मुळीच सुरात नसलेला, पण दुसऱ्याच कडव्याचा. इतके मंगळवार ऐकून तिला ते पाठ झालं होतं. मग डेल्फिना गायली, मग सगळं देऊळ. आंटीची बोटं त्या आवाजामागून चालत गेली आणि कडवं पुरं झालं.

मित्रांनो, सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. महिन्याभरात संताचा हात पुन्हा रिकामा दिसला. या वेळी कुणी कुणाकडे बघितलं नाही. मिस्सा संपल्यावर डेल्फिनानं माझी फळी सरकवली, बाळ काढलं आणि खुंटीवर बसवलं.

"सापडलं?" आंटीनं आनंदानं विचारलं.

"सापडलं, आंटी."

तेव्हापासून हे अधूनमधून चालतं. भात्याला लागू नये म्हणून डेल्फिनानं आत एका कोपऱ्यात मऊ फडकं घालून ठेवलं आहे.

माझी काळजी घ्यावी असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढं ऐका. मला पॉलिश करा, पट्ट्या बदला, भात्याला ठिगळ लावा. माझ्या मागच्या फळीचे स्क्रू मात्र घट्ट करू नका. कार्मेलीन आंटीच्या बोटांत आता तेवढा जोर राहिलेला नाही.