स्वयंपाकघरात कुणीतरी आहे

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा, बुडाशी काळा पडलेला. माझा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला आहे, त्यामुळे माझ्यात आता डाळ शिजत नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी जरा नम्रतेनं बोलावं असा रिवाज आहे. पण माझा स्वभाव मुळातच तापट, तेव्हा कुठं वाफ जास्त सुटली तर सांभाळून घ्या.

कारखान्यात मला एका सपाट चकतीतून दाबून घडवलं, घासून चकचकीत केलं आणि नागपूरच्या एका भांड्यांच्या दुकानात आणून बसवलं. मधुमतीच्या आईनं मला तिच्या लग्नासाठी घेतलं. जावई श्रीकांत सॉफ्टवेअरमध्ये होता आणि वर्क परमिटवर इंग्लंडला निघाला होता. पोरीला परमुलखात कच्चं वरण खायला लागू नये, एवढीच आईची इच्छा. माझ्या पोटात तुरीची डाळ आणि हळदीची पुडी कोंबून मला बॅगेत घातलं आणि १९९९ च्या हिवाळ्यात आम्ही लीड्सला उतरलो.

माझे सुखाचे दिवस म्हणाल तर ते तेव्हाचे. गणपतीला मराठी मंडळी जमली की वरणाची जबाबदारी माझी. पातेली दमायची, मी दमत नसे. “मधुमतीचा कुकर म्हणजे अगदी कामाचा हो,” असं सगळ्या बायका म्हणायच्या आणि मी फुगून बसायचो.

मग पासपोर्टवर कायम राहण्याचा शिक्का पडला आणि पुढच्याच उन्हाळ्यात श्रीकांत दुसऱ्या बाईबरोबर लंडनजवळ हॅरोला राहायला गेला. मधुमतीनं आईला फोन केला. आई म्हणाली, “जमवून घे बाई. इकडे येऊन लोकांना काय सांगणार?” मंडळातल्या वहिन्यांनीही बोलावणं बंद केलं, जसं काही नवरा सोडून जाणं हा संसर्गजन्य आजार आहे. कामाचा कुकर घरीच राहिला.

मधुमतीनं ऑफिसांच्या फरश्या पुसल्या. मग एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना उचलण्याचं काम धरलं, त्यात तिची पाठ गेली. तिथंच तिला मॉरीन भेटली. पंचेचाळिशीची, यॉर्कशरची, मोठ्यानं हसणारी. मॉरीनचं आणखी एक काम होतं. पुरुष पैसे देऊन तिच्याकडे येत. मित्रांनो, तुम्ही कळत्या वयाचे आहात, म्हणून आडपडदा ठेवत नाही. मधुमतीनं पुष्कळ विचार केला, ती पुष्कळ रडली आणि शेवटी मॉरीनच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. ती फसली नव्हती आणि आनंदानंही गेली नव्हती. समोर जे रस्ते होते, त्यांतला एक तिनं धरला. त्यावरून तिला नावं ठेवायला खूप जण होते, मात्र दुसरा रस्ता दाखवायला कुणी पुढं आलं नाही.

फ्लॅट लीड्सहून बसनं जवळच असलेल्या एका गावात होता. दोघींचा नियम साधा होता. एक खोलीत असेल तेव्हा दुसरीनं स्वयंपाकघरात बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. मी तिथं पहिली शिट्टी दिली तेव्हा मॉरीन किंचाळून दाराआड पळाली. पण लवकरच एक गोष्ट तिच्या लक्षात आली. माझी शिट्टी झाली की आलेला माणूस दचकायचा. घरात आणखी कुणीतरी आहे, हे त्याला कळायचं. आवाज चढवणारा आवाज उतरवायचा, अडून बसणारा बूट घालायचा. “लव्ह, ही तुझी चिडकी म्हातारी दहा कुत्र्यांना भारी आहे,” असं मॉरीन म्हणायची. म्हातारी म्हटलेलं मला आवडलं नाही, पण स्तुती ती स्तुतीच.

त्या फ्लॅटच्या जिन्यात एके दिवशी आसावरी फोडणीच्या वासानं थबकली. ती दवाखान्यातली नर्स. अशा कामातल्या बायकांच्या घरी जाऊन तब्येत बघायची तिची ड्यूटी होती. दार उघडल्याबरोबर तिच्या तोंडून मराठी निघालं आणि मधुमतीला रडू कोसळलं. मग ती वरचेवर येऊ लागली.

“मधू, you know ना, तुम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये करताय ते इल्लीगल आहे?” आसावरीनं एकदा विचारलं.

“काम इल्लीगल नाही असं तूच म्हणाली होतीस.”

“काम नाही गं. एकटीनं केलं तर ओके. दोघी एका जागी असल्या की ते ब्रॉथेल, म्हणजे कुंटणखाना. आता नवीन अॅक्टनं तर शिक्षा सात वर्षांपर्यंत नेलीये.”

मॉरीनला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग एकीनं काय बाहेर पावसात उभं राहायचं?”

“न्यूझीलंडनं हे सगळं क्राइममधून काढूनच टाकलं,” आसावरी म्हणाली. “तिथं चार जणी मिळून जागा चालवू शकतात. कुणी हात उगारला तर सरळ पोलिसांना फोन. They have rights, मधू. बाकीच्या वर्कर्ससारखे.”

“तिथं तूरडाळ मिळते का ते विचार आधी,” मधुमती म्हणाली आणि तिघी हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं मोठं हसू होतं.

तुम्हाला शाळेत ‘एकीचे बळ’ शिकवतात ना? या कायद्यानं एकी म्हणजे एकटी असा अर्थ लावला होता. एकटी असेल तर बाई निर्दोष. तिला सोबत मिळाली की दोघी गुन्हेगार.

जिन्यातली वर्दळ पाहून कुणी शेजाऱ्यानं तक्रार केली. भर दुपारी पोलीस आले. सभ्य होते हो, पायपुसण्याला बूट पुसून आत आले. मी तेव्हा गॅसवर होतो आणि मॉरीन माझ्यापाशी बसली होती. “तुम्ही इथं काय करता?” असं त्यांनी तिला विचारलं. “दार उघडते आणि हिच्यावर लक्ष ठेवते,” ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, हिला जपते. त्यांनी ऐकलं, हिचा धंदा चालवते. भाड्याचा करार मॉरीनच्या नावावर होता, त्यामुळे कोर्टात ती कुंटणखाना चालवणारी ठरली. तुरुंग टळला, पण केअर होमनं तिला काढून टाकलं आणि घरमालकानं दोघींना बाहेर काढलं. पुन्हा एका छताखाली सापडलात तर सुटका नाही, असं वकिलानं बजावलं. मॉरीन हल नावाच्या गावी बहिणीकडे गेली. निघताना तिनं मधुमतीला इतकं घट्ट धरलं की मला वाटलं, ही आता जातच नाही.

मधुमतीनं त्याच गावात एक खोली आणि स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं. आता ती कायद्याला हवी तशी होती. साफ एकटी.

मग ती एक गोष्ट करू लागली. माणूस यायच्या आधी माझ्यात नुसतं पाणी घालून मला गॅसवर चढवायची. ना डाळ, ना तांदूळ. शिट्टी झाली की खोलीतून मोठ्यानं म्हणायची, “अगं सुमन, गॅस बारीक कर गं!” सुमन ही तिची नागपूरची धाकटी बहीण. तिनं कित्येक वर्षांत मधुमतीला एकही फोन केला नव्हता. येणाऱ्याला मराठी कळत नसे, पण स्वयंपाकघरात कुणीतरी आहे एवढं कळायचं. मला उत्तर देता येत नव्हतं. पुढची शिट्टी तेवढी देता येत होती, ती मी जीव तोडून देत होतो.

नेहमी येणारा एक माणूस होता. नीटनेटका, प्लीज आणि थँक यू म्हणणारा. एकदा पाणी प्यायला म्हणून तो आपणहून स्वयंपाकघरात आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. रिकामा ओटा पाहिला, मला पाहिलं. पाणी प्यायला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मी शिट्टी दिली. मधुमतीनं सुमनला हाक मारली. मला तो हसलेला ऐकू आला. त्यानंतर जे ऐकलं ते मी सांगणार नाही. मी शिट्ट्या देत राहिलो, एकामागून एक. गॅस बारीक करायला कुणी आलं नाही. पाणी संपलं, बूड जळलं, व्हॉल्व्ह वितळला आणि मी गप्प झालो. तिचा आवाज त्याच्याही आधी थांबला होता. करपल्याच्या वासानं खालचा म्हातारा वर आला, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मधुमती जमिनीवर पडलेली होती.

ती जगली. जबडा तारांनी बांधून घरी आली. आसावरी रोज सूप घेऊन यायची आणि रोज एकच विनवणी करायची.

“मधू, रिपोर्ट कर. Please. मी येते तुझ्याबरोबर.”

मधुमतीला धड बोलता येत नव्हतं. दातांमधून एकेक शब्द काढत ती म्हणाली, “मागच्या वेळी पोलीस घरात आले तेव्हा मॉरीन गेली. आता हे घर जाईल. आणि ते पहिलं काय विचारतील? घरात अजून कोण होतं? मी सांगेन, कुणी नव्हतं. आसावरी, त्या दिवशी मी अगदी कायद्यात होते गं.”

 आसावरी सूप ढवळत बसली.

ही २००७ सालची गोष्ट. मधुमती आता नॉटिंगहॅमला असते. तेच काम करते आणि एकटीच करते. जाताना तिनं मला नेलं नाही. मी आसावरीच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांजवळ पडून आहे. दोन वर्षं होऊन गेली. तो माणूस सापडला नाही, कारण त्याला कुणी शोधलंच नाही. आजही तो कुठल्या तरी दारावरची बेल दाबत असेल आणि आत गेल्यावर आधी स्वयंपाकघरात डोकावत असेल. माझ्या मनातून हे काही केल्या जात नाही.

मित्रांनो, माझ्या जागी दुसरी एखादी वस्तू असती तर म्हणाली असती, आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मला नका घासू. मी पत्रा आहे, मला दुखत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणीतरी कायदे करायला बसेल. त्या दिवशी समोरच्यांना एवढंच विचारा: ही बाई जिवाच्या आकांतानं हाक मारेल, तेव्हा ओ द्यायला पलीकडच्या खोलीत तुम्ही कुणाला बसू देणार आहात?