अध्यक्षांची ओळ

बाळकुमच्या मच्छीमार समाजाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा पंचमंडळींना बाहेरची कंपनी हवी होती. अध्यक्ष भिवाजींनी मात्र भर सभेत सांगून टाकलं, की माझी चंद्रभागा करील. नव्याण्णव साल ते. अर्ध्या सभेनं कम्प्युटर लांबूनच पाहिलेला. चंद्रभागा ठाण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. असलं काम तिनं एकटीनं कधी केलं नव्हतं, पण बापाचा शब्द खाली पडू द्यायची तिची तयारी नव्हती.

वेबसाइट एकच, आत प्रोग्राम तीन: वधू-वर मंडळ, सभागृहाचं बुकिंग आणि बाकी सगळ्याला अध्यक्षांचं पान. कुणी कोणता पत्ता टाईप केला की त्याला कुठं न्यायचं, याच्या तीन ओळी तिनं सर्व्हरवर लिहिल्या. लग्नपत्रिकेत मानाचं नाव आधी, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तिनं आबांची, म्हणजे आपल्या बापाची, ओळ सर्वांत वर घातली.

वेबसाइट सभेत दाखवायच्या आदल्या दिवशी वधू-वर उघडून पाहिलं, तर फेटा बांधलेले आबा. सभागृह उघडलं, पुन्हा आबा. कुठंही जा, आबा आपले हजर. हसावं की रडावं, तिला कळेना. बरंच डोकं खाजवल्यावर उमगलं. सर्व्हर ओळी वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ धरून तिथंच थांबतो. आबांच्या ओळीचा अर्थ होता, कुणीही या. मग खालच्या दोघींची पाळी येणार कशी? आबांना शेवटी टाकलं की काम फत्ते.

दोन बोटांचं काम, कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांना न विचारता हात धजेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. आबा ओटीवर जाळं विणत बसले होते. त्यांची ओळ शेवटी न्यावी लागेल, असं तिनं सांगितलं.

"मना शेवटाला?" एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. आपल्या बापाला असं बघणं तिच्यानं होईना. ती शेजारी बसली आणि समजावू लागली, की ज्याचं काम ठरलेलं आहे तो वरच्या ओळींतून आपल्या जागी जातो.

"आणि ज्याचा पत्ता चुकलाय, ज्याला कुणीच घेतलं नाय, तो तुझ्या दारात येतो. तुझ्यामागं कुणी नाय, आबा."

भिवाजींनी जाळं बाजूला ठेवलं.

"मग माजा फोटू काढ तिथून. चुकलेल्या मानसाला फेटा बगून काय मिलनार? तिथं लिव, 'बस, घाबरू नको, कुठं जायचंय सांग.'"

ती ऑफिसात परतली. ओळ खाली नेली, फोटो काढून आबांचे शब्द जसेच्या तसे पानावर घातले. वधू-वर उघडलं, सभागृह उघडलं. मग तिनं मुद्दाम एक चुकीचा पत्ता टाईप केला. आबांचं पान उघडलं, आणि वाचता वाचता तिला रडू फुटलं.