रांगेतली तीन पानं

प्रिंटर सकाळपासून काकूंचा अंत बघत होता. कागद घालून झाले, शाईची डबी काढून, हलवून परत बसवून झाली, वायर उपटून पुन्हा खोचून झाली. तरी मेला नुसता घरघरायचा, लाल दिवा लावायचा आणि ढिम्म बसायचा. कॉम्प्युटरवर छपाईच्या रांगेत एकच ओळ दिसत होती: नाव नाही, तीन पानं, त्रुटी.

ती तीन पानं म्हणजे काकांनी लेकीला लिहिलेलं पत्र. लग्नावरून बापलेकीचं फाटलं ते फाटलंच, चार वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. हॉस्पिटलात न्यायच्या दिवशी काकांनी ते टाइप केलं, छपाईला सोडलं आणि नेमका तेव्हाच प्रिंटर अडला. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी काकूंना बजावलं होतं, "पत्र रांगेत आहे. काढ आणि तिच्याच हातात दे. तू वाचू नकोस."

काका गेले. लेक वेळेवर पोचू शकली नाही. पुढे महिनाभर काकूंना त्या खोलीत पाऊल टाकायचा धीर झाला नाही, आणि आता चार वाजता लेक येणार होती. आपली जुनी कागदपत्रं घेऊन संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होती.

पत्राची दुसरी प्रत शोधून उपयोग नव्हता. काका जन्मभर छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक अक्षर जुळवून मजकूर उभा करायचे. मजकूर छापून झाला की खिळे सोडवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. कॉम्प्युटरने 'जतन करायचं का?' विचारलं की ते ठसक्यात 'नाही' दाबत. छापलेला मजकूर कोण सांभाळून ठेवतं, म्हणत. या वेळी मात्र कागद बाहेर यायच्या आधीच त्यांनी मजकूर मोडला होता. जे काही होतं ते त्या रांगेत होतं.

शेवटी काकूंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. माणूस सालस होता, पण त्याला दोन दिवस सवड नव्हती, म्हणून फोनवरच एकेक सांगत गेला. हे बंद करा, ते चालू करा, उजवीकडचं बटण दाबा. काकू चष्मा सावरत मुकाट्याने करत होत्या. अर्धा तास गेला, फरक शून्य. मग त्याने विचारलं, "काकू, रांगेत अडकलंय ते महत्त्वाचं आहे का काही?"

आता इथे बाईने खरं सांगून टाकायचं की नाही? पण चार वर्षं लेकीचा विषय त्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता. शेजारणींना सांगायच्या, कामात असते हो ती, फोन असतो रोज. आता एका परक्या माणसाला काय सांगणार, की बापाने लेकीची माफी मागितली असेल, नसेल, मला ठाऊक नाही?

"नाही हो," त्या म्हणाल्या, "किरकोळ आहे काहीतरी."

"मग रांग साफ करून टाकू."

साफ म्हटल्यावर काकूंच्या डोळ्यांपुढे तुंबलेली मोरी आली. साफ केली की अडकलेलं वाहून पुढे जातं. त्यांनी 'होय' दाबलं. प्रिंटर खडखडला, लाल दिव्याचा हिरवा झाला, एक पान सरसर बाहेर आलं. त्यावर रंगीत पट्टे होते. दुरुस्तीवाला म्हणाला, ही चाचणी, झालं तुमचं काम. काकू उरलेल्या पानांची वाट बघत उभ्याच. मग त्यांनी विचारलं, ती आधीची तीन कधी येणार?

"ती पुसली ना आपण, काकू. ती आता नाही मिळायची. काय होतं त्यात?"

काकूंनी फोन ठेवून दिला. त्या तिथेच फरशीवर बसल्या. नवऱ्याने आयुष्यात एकदाच लेकीसाठी तोंड उघडलं होतं, आणि ते आपण आपल्या हाताने बंद केलं.

लेक चारच्या ठोक्याला आली. कागदपत्रं बॅगेत भरली, चहा नको म्हणाली. दारापाशी काकूंनी तिचा हात धरला.

"बाबांनी तुला पत्र लिहिलं होतं. तीन पानं. माझ्या हातून पुसलं गेलं गं."

लेक चिडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. पण चार वर्षं बाबा तुझी आठवण काढतात, बाबांनी तुझी खुशाली विचारली, असं मनचंच सांगून काकू दोघांना जोडू बघत होत्या, आणि लेकीने ते केव्हाच ओळखलं होतं. तिने आईच्या गालावरून हात फिरवला.

"आता पुरे ना, आई. आता ते नाहीत."

"देवाशपथ सांगते, होतं गं पत्र."

"बरं, होतं," लेक म्हणाली, लहान पोराची समजूत काढावी तशी, आणि जिना उतरायला लागली.