खोक्यात राहिलेली रिंग

सकाळी नऊ चाळीसला मेस्त्रींना खोक्याच्या तळाशी रिंग सापडली. तोवर गाडी निघून पस्तीस मिनिटं झाली होती.

खोकं नव्या थ्रॉटल बॉडीचं होतं. इंजिनात हवा किती सोडायची हे ठरवणारा हा दोन मुठींएवढा भाग. ॲक्सिलरेटर दाबला की त्याच्या आतली गोल झडप फिरते, हवेला वाट मिळते आणि गाडी ओढ घेते. पाय उचलला की झडप मिटते. मिटायलाच हवी. भाचीच्या निळ्या गाडीतली जुनी झडप झिजून खिळखिळी झाली होती आणि चढावर गाडी धापा टाकायची. त्या मॉडेलचं मूळ कंपनीचं सामान बाजारातून कधीच उठलं होतं. म्हणून मेस्त्रींनी दुसऱ्याच कुणी बनवलेली, तोंडाने जरा मोठी थ्रॉटल बॉडी मागवली आणि काल दुपारी स्वतःच्या हाताने बसवली.

काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही त्यांची पद्धत. मग ते गिऱ्हाईक सख्ख्या बहिणीची मुलगी का असेना. काल गडबडीत तो बाकावरच राहिला. आज तो नव्याच्या खोक्यात ठेवायला गेले तर नीट बसेना, डुगडुगायला लागला. तळाचा पुठ्ठा फुगलेला दिसला म्हणून त्यांनी तो पान्याच्या टोकाने उचकटला. खाली तेलकट कागदात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची रिंग होती. चार भोकांची, चकचकीत, बोटाएवढ्या जाडीची.

मेस्त्रींनी ती हातात फिरवली आणि मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. खिळ्याला काल त्यांनी एक गॅस्केट, म्हणजे सांध्यातून हवा गळू नये म्हणून घालायची पातळ चकती, अडकवून ठेवलं होतं. खोक्यातून दोन गॅस्केट निघाली होती आणि ते भाचीला म्हणाले होते, "बघ, याला म्हणतात दानत. एक जास्तीचं दिलंय."

जास्तीचं नव्हतं. एक रिंगच्या अलीकडे, एक पलीकडे.

सामानासोबतचा कागद परक्या लिपीत होता. मेस्त्री अशा वेळी चित्रांवर काम चालवत. चौथ्या चित्रात थ्रॉटल बॉडी आणि इंजिनाकडे हवा नेणारा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये दोन रेघा होत्या. काल त्यांना त्या एकाच गॅस्केटच्या दोन कडा वाटल्या होत्या. आता चष्मा लावून बघितल्यावर रेघांमधली जागा दिसली.

रिंग कशासाठी, हा प्रश्न उरला. त्यांच्या शेडमागे त्याच मॉडेलचं एक भंगार इंजिन पडून होतं. मेस्त्रींनी त्याच्या मॅनिफोल्डचं तोंड फडक्याने पुसलं आणि आत मापाचा व्हर्नियर घातला. आत थोड्या अंतरावर हवेच्या दोन वाटा करणारी एक पातळ आडवी भिंत होती. तोंडापासून भिंतीपर्यंत एकोणीस मिलिमीटर. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकोणीस. कागदावर झडपेचं टोक पूर्ण उघडल्यावर किती बाहेर येतं, तिथे बाण होता आणि बाणाजवळ वीस.

एक मिलिमीटर.

अर्ध्या पायावर काही होणार नव्हतं. पाऊण पायावरही नाही. पण पाय पार तळापर्यंत गेला, की झडपेची कड त्या भिंतीच्या कंगोऱ्यावर चढणार. चढली तर सुटेल, किंवा सुटणार नाही. नाही सुटली, तर पाय उचलूनही इंजिन ओढतच राहणार. काल त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारून बघितली होती. गल्लीत कोण तळापर्यंत दाबतं?

आणि भाची आज घाट चढणार होती. घाटापलीकडच्या रुग्णालयात रक्त तपासायच्या कामावर तिचा पहिला दिवस होता, एकच्या आत हजर व्हायचं होतं. चढावर दम लागू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

त्यांनी फोन लावला. बंद. बंदच असणार. गाडी चालवायची तर फोन बंद करून डब्यात टाकायचा, वाजला की हात जातोच, हे तिला शिकवणारे तेच.

मग त्यांनी दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना लावला. पहिल्या दिवशी सोबत म्हणून ते तिच्या शेजारी बसून गेले होते. सहाव्या रिंगला ताईने उचलला.

"त्यांचा फोन इथेच आहे, उशीखाली," ताई म्हणाली. "चष्मा घेतला, छत्री घेतली, फोन ठेवला. काय काम होतं?"

"काही नाही. एक नट घट्ट करायचा राहिलाय, तेवढं सांगायचं होतं."

"नटासाठी तू सकाळी दहाला फोन करतोस? माझ्या मिक्सरच्या वेळेला तर दोन महिने केला नव्हतास."

मेस्त्री हसले. इतक्यात त्यांना एक गोष्ट आठवली आणि जरा हायसं वाटलं. गाडीत पायाखाली जाड रबरी मॅट होती. काल इंजिन बंद ठेवून भाचीला "पूर्ण दाब" म्हटलं, तेव्हा मॅटवर टेकून पेडल थांबलं असणार. म्हणूनच झडप मोकळी परत आली आणि आपण फसलो. पण तीच मॅट आजही पेडलला तळाशी जाऊ देणार नाही.

"ताई, गाडीतली ती काळी मॅट आहे ना, ड्रायव्हरच्या पायाखालची?"

"आहे की. वाळत घातलीय गच्चीवर. शी, काय घाण झाली होती. नोकरीचा पहिला दिवस, म्हटलं गाडी तरी स्वच्छ असू दे. का रे?"

मेस्त्रींनी रिंग बाकावर ठेवली.

"का रे? लपवू नकोस माझ्यापासून."

"पेडल जरा खोल जातंय," ते म्हणाले. "तिने हळू चालवली तर काही नाही."

"ती हळूच चालवते. पण शेजारी कोण बसलंय, माहीत आहे ना तुला? यांना पुढे ट्रक दिसला की राहवत नाही. रिक्षात बसले तरी रिक्षावाल्याला सांगतात, घे पुढे, घे पुढे."

मेस्त्रींनी रिंग आणि खिळ्यावरचं गॅस्केट शर्टाच्या खिशात टाकलं, दहाचा पाना आणि पक्कड घेतली आणि पिकअप बाहेर काढली. बायको शेडच्या पुढच्या खोलीत बिलं लिहीत होती. तिने त्यांचा चेहरा बघितला, पेन ठेवलं आणि काही न विचारता शेजारी येऊन बसली.

"फोन माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तुम्ही रस्त्याकडे बघा. आणि आधी तोंड पुसा, ग्रीस लागलंय."

दहा वाजून बारा मिनिटांनी ते मोठ्या रस्त्याला लागले. मेस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"अडकलीच, तर थांबवता येते का गाडी?"

"येते. क्लच दाबायचा, गिअर काढायचा, ब्रेक मारायचा. इंजिन बोंबलत राहील, राहू दे. मग चावी एक घर मागे. पूर्ण काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं."

"तिला माहीत आहे हे?"

मेस्त्रींनी पुढची बस गाठली, ओलांडली, मग म्हणाले, "पंक्चर शिकवलंय. पट्टा तुटला तर काय, तेही शिकवलंय. हे नाही शिकवलं. असं कधी झालंच नव्हतं कुणाचं."

बायकोने तो सगळा मजकूर भाचीच्या फोनवर लिहून पाठवला. फोन बंद, तर जाणार कुठे, तरी पाठवला. मग म्हणाली, "घाटाच्या पायथ्याशी तुमचा तो पंक्चरवाला आहे ना? त्याला सांगा गाडी अडवायला."

हे मेस्त्रींना सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. पंक्चरवाल्याचं दुकान रस्त्याला चिकटून होतं आणि दर गाडीकडे बघणं हाच त्याचा अर्धा धंदा. बायकोने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"निळी गाडी, मुलगी चालवतेय, शेजारी टोपीवाले गृहस्थ," मेस्त्री ओरडून म्हणाले. "अडव. काहीही कर, पण अडव."

"मेस्त्री, पळून चाललीय का कोण?"

"माझी भाची आहे. गाडीत दोष राहिलाय. माझ्या हातून."

"उभा राहतो," पंक्चरवाला म्हणाला. "ट्यूब घेऊन उभा राहतो रस्त्यात."

दहा अडतीसला त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"गेली ओ. मी ट्यूब हलवली जोरात. तिने हात केला मला. टोपीवाल्यांनीपण केला. त्यांना वाटलं, मी निरोप देतोय."

"वेग किती होता?"

"शांत चालली होती. पण पुढे सिमेंटचा ट्रक आहे, मेस्त्री. गोगलगाय नुसता. धूर सोडतोय. त्याच्या मागे सापडली ती."

मेस्त्रींच्या डोळ्यांसमोर ट्रकचा मागचा फळा आला. त्यामागे भाची, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि शेजारी दाजी, मान लांब करून वळणापलीकडे बघणारे. रस्ता मोकळा आहे, घे पुढे. नवीन मशीन बसवलंय ना मामाने, मग दाब की. काल संध्याकाळी चावी देताना मेस्त्री स्वतःच म्हणाले होते, आता बिनधास्त दाब, घाट तोंडात बोट घालेल.

"तुम्ही दाबू नका," बायको म्हणाली. काटा शंभराच्या वर गेला होता.

त्यांनी पाय हलका केला. पेडल वर आलं. आपोआप, काही न करता. आयुष्यभर येत आलं तसंच.

घाट चढायला पंचवीस मिनिटं लागतात, ट्रकमागे असलं तर पस्तीस. वर पोचल्यावर पहिलाच वजनकाटा लागतो आणि तिथला माणूस पंक्चरवाल्याच्या ओळखीचा. त्याचा नंबर मिळवून बायकोने अकरा वीसला फोन लावला. त्याने नोंदवही बाजूला सारल्याचा आवाज आला.

"निळी गाडी? सकाळपासून दोन गेल्या. एकीत चार पोरं होती, दुसरीत म्हातारं जोडपं. मुलगी आणि टोपीवाले, असं नाही बघितलं."

"सिमेंटचा ट्रक आला का वर?"

"तो आला. आत्ताच काट्यावर चढवलाय. समोरच उभा आहे."

बायकोने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मेस्त्रींनी तिच्याकडे बघितलं नाही.

"त्याच्या ड्रायव्हरला विचारा," ती म्हणाली, "मागे निळी गाडी होती का."

थांबावं लागलं. पलीकडून इंजिनाची घरघर, कुणीतरी कुणाला हाक मारणं, दार आपटणं. मग तिने ऐकलं, "बरं," म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवला.

"काय?"

"होती म्हणतो. बराच वेळ मागे होती. मधल्या उभ्या चढावर तिने हॉर्न दिला, त्याने बाजू दिली. जोरात गेली पुढे, म्हणतो. फार जोरात. पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली. तिथून हा ट्रकवाल्यांच्या जुन्या रस्त्याने वर आला."

"पुढे गेली, तर वर त्याच्या आधी पोचायला हवी होती."

"हो."

ताईचा फोन येत होता. बायकोने तो दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाली, "आम्ही घाटात आहोत, ताई. अजून गाठ पडली नाही. पडली की लगेच सांगते." आवाज तिने इतका सरळ ठेवला होता की मेस्त्रींना तिची भीती वाटली.

अकरा एकेचाळीसला चौथ्या वळणावर पुढच्या गाड्या उभ्या दिसल्या. मेस्त्रींनी पिकअप लावली, हातब्रेक ओढला, चाकामागे दगड ठेवला आणि रांगेच्या कडेने चढायला लागले. साठी जवळ आलेली, चढ उभा. खिशातली रिंग प्रत्येक पावलाला छातीवर आपटत होती. पुढे काय झालंय, हे रांगेत कुणालाच धड माहीत नव्हतं. एक म्हणाला दरड, एक म्हणाला डांबराचं काम. तिसऱ्याने खिडकीतून हात बाहेर काढून "काय की" एवढंच केलं.

वरून खाली येणारी वाहनं मात्र एक-एक करून सुटत होती. मेस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दुधाच्या टँकरला दोन्ही हात दाखवले. टँकर थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"काका, मरायचंय का?"

"वर निळी गाडी दिसली का? छोटी, जुनी."

"दिसली. सातव्या वळणाच्या वर, डोंगराकडच्या चरात. तिच्यामुळेच तर खोळंबा झालाय."

"डोंगराकडच्या? दरीकडच्या नाही ना?"

"डोंगराकडच्या म्हणतोय ना. एक चाक चरात आहे. बॉनेट उघडं आहे."

"बॉनेट कुणी उघडलं? त्याचा खटका गाडीच्या आत आहे. माणसं होती का जवळ?"

ड्रायव्हरने मागे साचलेल्या गाड्यांकडे आरशात बघितलं. "गर्दी होती भोवती. त्यात कोण गाडीतलं आणि कोण बघे, मला काय कळणार? मी उतरलो नाही, काका."

टँकर हलला. बायको खालून चढत येत होती, फोन कानाला लावलेला. अकरा बावन्न झाले होते. मेस्त्री पाचव्या वळणाच्या अलीकडे होते आणि निळी गाडी सातव्याच्या वर.