चुलीवर टांगलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय. हसू नका. परीक्षेत मिळतो तो मी नव्हे. वेलावर वाढलेला, वाळून लाकडासारखा टणक झालेला आणि पोटात दुसऱ्यांचं बी सांभाळलेला मी खराखुरा भोपळा आहे.

विहिरीकाठच्या वेलावर माझा जन्म झाला. माझी भावंडं कोवळेपणीच कापली गेली, त्यामुळे विळ्याभोपळ्याचं सख्य कसं असतं ते मी लहानपणीच पाहून घेतलं. मला मात्र घरधनिणीने वाचवलं. "हा चांगला गोल आहे, याच्यात बी ठेवू," म्हणत तिने माझ्या देठाला लाल चिंधी बांधली. त्या घरात चिंधी बांधली की विषय संपला. कोंबड्यासुद्धा तिकडे फिरकत नसत. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

वाळल्यावर घरधन्याने माझं तोंड कापलं, आतून खरवडून काढलं, मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंडाचं बूच बसवलं आणि मला चुलीच्या वर आढ्याला टांगलं. धुराने कीड लागत नाही म्हणून. डोळे चुरचुरायचे, पण जागा मानाची होती.

माझ्या पोटात घेवडा असे. पांढरा, पोटाशी तांबडा ठिपका असलेला. घरधनिणीला तो तिच्या सासूने दिला होता. वेलावर पहिल्या भरलेल्या शेंगांना ती चिंध्या बांधायची. त्या शेंगा खायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, पाहुण्याला द्यायच्या नाहीत. वाळल्या की अर्धं बी राखेत घोळवून माझ्यात आणि अर्धं तिच्या खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात. एक नासलं तर दुसरं असावं, एवढाच हिशेब. शेजारणीलाही तिने एकदा मूठभर दिलं होतं, पण शेजारीण पुढे दुकानातल्या बियांच्या पाकिटांवर गेली आणि तो घेवडा तिथून संपला.

वरून मला सगळं दिसायचं. उन्हाळ्यात छपरावर टोमॅटोच्या फोडी वाळत, लिंबं मिठात मुरत, लसणाच्या वेण्या खुंटीला लागत. पावसाळ्यात अंडी कमी आणि चिखल जास्त. थंडीत मटार सोलता सोलता नवराबायको भांडत. भांडण नेहमीचंच: तो अर्धे मटार तोंडात टाकायचा. "सोलायला बसलात की जेवायला?" ती विचारायची. तो म्हणायचा, "चाखून बघतोय, गोड आहेत का ते." लेक लहान होती तेव्हा खिदळायची. मग ती मोठी झाली, शहरात नोकरीला लागली आणि भांडण बघायला मी एकटाच उरलो.

मग एका वर्षी पावसाने दगा दिला. पहिली पेरणी कुजली, दुसरी कशीबशी तगली. चिंध्या बांधण्याइतक्या शेंगा आल्या, खायला एकही नाही. आणि त्याच थंडीत घरधनिणीने अंथरूण धरलं.

तिचं अन्न तुटत गेलं. लेक आली, पेज करून भरवू लागली. आई तोंड फिरवायची. लेक औषधं आणायला बाहेर गेलेली असताना ती नवऱ्याला म्हणाली, "आपला घेवडा असता ना, तर खाल्ला असता दोन घास. नुसतं मीठ घालून."

तो स्वयंपाकघरात आला. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग स्टुलावर चढून त्याने मला खाली काढलं. ज्या माणसाने जमिनीवर सांडलेला दाणा कधी कोंबडीला टिपू दिला नाही, त्याने मला पातेल्यात पालथं केलं. शेवटची राखसुद्धा झटकली. तिला विचारायची सोय नव्हती, कारण तिने हातच लावू दिला नसता. आणि खाटेखाली डबा होताच की!

त्याने दाणे धुतले, शिजवले. मीठ जरा जास्तच पडलं. पण तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली.

"कुठून आणलात हो?"

"शेजारणीने दिला," तो म्हणाला.

"म्हणजे तिच्याकडे आहे अजून! बरं झालं." ती उशीला टेकली. "ऐका, यंदा मला वाकवत नव्हतं. सगळं बी भोपळ्यातच भरलंय. डब्यात काही नाही. मी असेन नसेन, पेरायला विसरू नका."

तो म्हणाला, "नाही विसरणार." मग स्वयंपाकघरात येऊन, रिकामं पातेलं मांडीवर घेऊन खाली बसला. मी चुलीशेजारी आडवा पडलो होतो. आतून मी इतका रिकामा कधीच नव्हतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं तोंड बूच लावण्यापुरतंच आहे.

पेरणीच्या आधीच ती गेली.

हंगाम आला तेव्हा लेकीने मला हलवून पाहिलं. डबा उघडून पाहिला. "बाबा, घेवड्याचं बी कुठाय?"

"कीड लागली. टाकून दिलं."

"सगळं?" तिचा आवाज चढला. "आईने जन्मभर जपलं आणि तुम्हाला एक हंगाम सांभाळता आलं नाही?"

तो मान खाली घालून म्हणाला, "नाही आलं." ती रागाने शहरात निघून गेली. फोन करते, पण दोन वाक्यांपुरता.

आता चूल रोज पेटत नाही. मला भेग गेली आहे, आत मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलंय. खिडकीतून वाफा दिसतो. दरवर्षीसारखा त्याने तो खणला, वेलांसाठी काठ्या रोवल्या, सुतळ्या बांधल्या. काठ्या तशाच उभ्या आहेत, नागड्या. सकाळी तो त्यांच्यापाशी जाऊन उभा राहतो आणि परत येतो. मटार यंदा लावलेच नाहीत.

माझं काही मागणं नाही. मला चुलीत घाला, मी चांगला जळेन. फक्त ती लेक कधी भेटली तर तिला एवढं सांगा, की घेवड्याला कीड लागली नव्हती. तो तिच्या आईने खाल्ला. मीठ जास्त झालं होतं, तरी सगळा खाल्ला.